सासऱ्यांची पत्र्याची पेटी आणि कागदपत्रांचे साडेआठ महिने

माझे सासरे नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. घरात सगळे त्यांना पप्पा म्हणायचे. मूळ रेवदंड्याचे, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. १९६४ साली विशीतच इस्रायलला आले, दक्षिणेतल्या दिमोना गावच्या कापडगिरणीत पस्तीस वर्षं नोकरी केली. त्यांच्या मागे काय उरलं ते आम्हाला लगेच कळलं नाही. कळलं ते चार महिन्यांनी, पेसाख या आमच्या सणाआधीच्या साफसफाईत.

२७ मार्च २०२२, रविवार. सासूबाईंच्या घरी पोटमाळा रिकामा करताना जुन्या गाद्यांच्या मागून पत्र्याची पेटी निघाली. झाकणावर पांढऱ्या रंगात पप्पांचं नाव आणि खाली ‘मुंबई’. कुलूप नव्हतं. आत वर्तमानपत्रांत गुंडाळलेली मातीची भांडी, खापरं, एक डालड्याचा डबा आणि त्या डब्यात जुन्या कापडाच्या पुरचुंड्या. मोजून ३४ वस्तू.

आईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, ही अजून आहेत होय? मला वाटलं ह्यांनी टाकून दिली.”

हे लिहिते आहे कारण आमच्या माहितीतल्या किमान तीन घरांत अशीच पेटी, टोपली किंवा शोकेसमधला कप्पा आहे. साठ-सत्तरच्या दशकात इकडे आलेल्या माणसांना सुट्टीच्या दिवशी माळरानावर फिरताना खापरं उचलायचा नाद होता. तो काळच तसा होता. मोशे दायान संरक्षणमंत्री असताना उघड उघड प्राचीन वस्तू खणून काढत. १९६८ मध्ये आझोरला खणताना माती अंगावर कोसळून ते मरता मरता वाचले. मंत्र्याचं हे, तर गिरणी कामगाराला कोण काय बोलणार? पण मुलासुनांच्या हातात ती पेटी येते तेव्हा कायदा बदललेला असतो आणि कुणाला विचारावं हेच कळत नाही. मला कळत नव्हतं.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. त्याच संध्याकाळी मी दोन खापरं नळाखाली धरली आणि भांड्यांच्या साबणाने घासली. धुळीने माखली होती, स्वच्छ करावीत एवढाच विचार. दोन दिवसांनी त्यांच्यावर मिठासारखा पांढरा थर फुलून आला आणि एका खापराच्या वरचा तांबडा लेप पापुद्र्यांसारखा सुटायला लागला. इथल्या नेगेव वाळवंटाच्या मातीत क्षार खूप. हजारो वर्षं ते खापरात मुरलेले असतात, पाणी लागलं की विरघळतात आणि वाळताना पृष्ठभाग फोडून बाहेर येतात. दुसरी गोष्ट तर मला नंतर कळली. नेगेवमधल्या तेल अरादच्या प्राचीन किल्ल्यात खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली आहेत, इ.स.पू. ६००च्या आसपासची, एल्याशिव नावाच्या अधिकाऱ्याला आलेली: अमक्याला इतकं पीठ दे, इतकी दारू दे, तेल दे. त्यातल्या एका खापराची मागची बाजू पन्नास वर्षं कोरी समजली जात होती. २०१७ मध्ये खास कॅमेऱ्याने तिच्यावरचा मजकूर वाचता आला. हे वाचल्यावर मला माझे साबणाचे हात आठवले. माझ्या दोन खापरांवर काही लिहिलेलं नव्हतं, ते पुढे तपासून घेतलं. पण ते कळेपर्यंतच्या रात्री वाईट गेल्या. धुऊ नका, पुसू नका, फेव्हिकॉलने जोडू नका. आहे तसं ठेवा.

आता पेटीतली खरी गोष्ट. बहुतेक पुरचुंड्यांत वस्तूबरोबर टाचणीने टोचलेली एकेक चिठ्ठी होती. गिरणीच्या हजेरीपत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर, पप्पांच्या बारीक मराठी अक्षरात. काय, कुठे, कधी. उदाहरणार्थ: “बोळक्याचा गळा. बेर-शेवाच्या टेकाडाच्या दक्षिणेला, ओढ्यात. पाऊस झाल्यावर. शु. ५-१२-६९.” माझा नवरा दिमोनात जन्मला. मराठी बोलतो फर्डं, पण वाचता येत नाही. नणंदेचंही तेच. मी १९९६ साली पनवेलहून लग्न होऊन आले, म्हणून त्या घरात त्या चिठ्ठ्या वाचू शकणारी आईंनंतर मी एकटीच, आणि आईंना आता बारीक अक्षर दिसत नाही.

त्या रात्री मी त्यांना एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली. मध्येच त्या म्हणाल्या, “आल्या आल्या लोक विचारायचे ना आम्हाला, तुम्ही खरे यहुदी का म्हणून. ह्यांना ते फार लागायचं. मग सुट्टी आली की चालले माळावर.” बेने इस्राएलींना बरोबरीचा दर्जा मिळावा म्हणून जेरुसलेमला आंदोलन झालं ते १९६४ सालचंच. मला तेव्हा समजलं की हा नुसता छंद नव्हता.

कायदा मी दुसऱ्या दिवशी वाचला. इस्रायलचा पुरावस्तू कायदा १९७८चा. इ.स. १७०० पूर्वी माणसाने बनवलेली कुठलीही वस्तू पुरावस्तू. १९७८चा कायदा लागू झाल्यानंतर देशात जे सापडलं ते सरकारच्या मालकीचं, मग ते तुमच्या परसात सापडलेलं का असेना. सापडल्यावर पंधरा दिवसांत कळवायचं. आणि वस्तू कायद्याआधी सापडली असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर. म्हणजे आमच्या ३४ वस्तूंचा सगळा निकाल तारखेवर होता, आणि तारखा मराठीत होत्या.

मी ठरवलं की पेटी उघडल्यापासून पंधरा दिवस व्हायच्या आत फोन करायचा. पण त्याआधी घरात बोलणं व्हायला हवं होतं, आणि ते सोपं नव्हतं. नणंदेने चार वस्तूंचे फोटो एका दुकानदाराला पाठवले होते. त्याचं उत्तर आलं: पणती, तांबडी सुरई आणि शिक्का असलेला रांजणाचा कान, तिन्हींचे मिळून सहा हजार शेकेल रोख, कागद काही नकोत. ताईंना आईंच्या औषधांचा खर्च दिसत होता, त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण ‘कागद नकोत’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा, एवढं मी आज ठामपणे सांगते. परवानाधारक व्यापाऱ्याला आपल्याकडच्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवावी लागते, २०१६ पासून तर संगणकावर. ज्याला कागद नकोत तो त्या वस्तूचा ठावठिकाणा पुसून टाकणार. पप्पांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्या कशासाठी मग?

६ एप्रिलला मी पुरातत्त्व प्राधिकरणाला, म्हणजे रशुत हा-अतिकोतला फोन केला. हात घामेजले होते. मला वाटलं होतं उलटतपासणी होईल. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, काय आहे, कुठे आहे, कुणाचं होतं, आणि म्हणाल्या की काही हलवू नका, फोटो पाठवा. फोटोंची पद्धत सांगते, कारण मला दोनदा काढावे लागले. वस्तूच्या शेजारी मोजपट्टी ठेवा. वरून, बाजूने आणि तळाचा, असे तीन फोटो. खिडकीचा तिरपा उजेड, फ्लॅश नको. चिठ्ठी वस्तूपासून वेगळी करायची नाही, तिच्यासकट फोटो. क्रमांक पेन्सिलने चिठ्ठीवर घाला, वस्तूवर नाही, आणि चिकटपट्टी तर कशालाच लावू नका. दोन संध्याकाळी गेल्या. आम्लरहित कागदाची सहा खोकी मागवली, २१० शेकेल. सगळ्या प्रकरणात झालेला मोठा खर्च एवढाच. बाकी दोन दिवसांची रजा आणि बेर-शेवाहून दिमोनाच्या फेऱ्यांचं पेट्रोल.

मग पेसाख आला, त्यापाठोपाठ स्मृतिदिन, स्वातंत्र्यदिन. दक्षिण विभागाचे निरीक्षक घरी आले १० मे रोजी, मंगळवारी.

उंच, उन्हाने रापलेले, साधारण पंचेचाळिशीचे गृहस्थ. आईंनी चहा आणि चिवडा पुढे केला. त्यांनी आधी जेवणाच्या टेबलावर जाड टॉवेल पसरून मागितला आणि मग एकेक वस्तू दोन्ही हातांनी उचलून ठेवली. भांड्यांआधी त्यांचं लक्ष चिठ्ठ्यांकडे गेलं.

“ही कुठली भाषा?”

“मराठी.”

“प्रत्येक वस्तूला आहे?”

“चौतीसपैकी सत्तावीस.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की लोक त्यांना कपाटभर भांडी दाखवतात, आणि कुठे सापडलं विचारलं की म्हणतात, ‘कुठेतरी दक्षिणेत’. भांडं कुठल्या काळातलं हे आकारावरून सांगता येतं. ते कुठे होतं, हे भांडं सांगत नाही.

पुढचे तीन तास माझ्या आयुष्यातले फार सुंदर तास होते. ज्याला आम्ही बिनकामाचं खापर समजत होतो त्याच्या कडेवरून ते सांगत, हे रांधायचं मडकं, हा धान्याच्या रांजणाचा काठ. तांबडी सुरई त्यांनी प्रकाशात धरली: वीतभर उंच, मानेला बारीक कंगोरा, तोंड कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरट, अंगावर लाल लेप आणि तो गुळगुळीत घोटलेला. फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांची, इ.स.पू. आठवं-सातवं शतक. अशा सुरया उत्तरेला नहारियाच्या पुढे अखझीवच्या कबरींत बऱ्याच निघाल्या आहेत. पप्पांनी ती १९७२ साली जेरुसलेमच्या जुन्या शहरातून, परवाना असलेल्या दुकानातून घेतली होती, आणि आईंना तो महिना अजून आठवत होता. “एकशे ऐंशी लिरा! मी आठ दिवस बोलले नाही ह्यांच्याशी. तर म्हणे, ही समुद्रावरची माणसं, गलबतं घेऊन फिरणारी, आपल्यासारखी.” नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या आमच्या पूर्वजांच्या गलबताची, त्यातून वाचलेल्या सात पुरुषांची आणि सात बायकांची गोष्ट आमच्यात प्रत्येक मूल ऐकत मोठं होतं. टायर आणि सिदोन या फिनिशियन बंदरांच्या खलाशांबद्दल पप्पांना जवळीक वाटली ती अशी.

सुरईची पावती डालड्याच्या डब्याच्या तळाशी होती. दुकानाचा शिक्का, तारीख आणि रक्कम लिरांमध्ये. १९८० साली लिरा जाऊन शेकेल आला, त्यामुळे आकडा लिरांत असणं हीच एक साक्ष, असं निरीक्षक म्हणाले. जुनी पावती कधीही टाकू नका, कितीही फिकट झाली तरी. तिच्यावर सुरई आणि एक छोटी तेलाची कुपी, अशा दोन वस्तू होत्या.

दोन मूर्ती खोट्या निघाल्या. बाजारातल्या, प्रवाशांसाठी केलेल्या. निरीक्षकांनी कापसाचा ओला बोळा लावून दाखवला: खरी चिकटलेली माती मऊ होऊन सुटते, ही सुटेना, कारण ती गोंदात कालवून फासलेली होती. साच्याची शिवण कडेने जात होती. ताईंना वाईट वाटलं. मला वाटलं, पप्पांनी त्या दोन्हींवर चिठ्ठी लावलेली नव्हती, म्हणजे त्यांनाही शंका आली असावी.

शेवटी त्यांनी सांगितलं की सगळ्या चिठ्ठ्यांचं हिब्रू भाषांतर हवं. नोटरीची गरज नाही. मूळ चिठ्ठीचा स्कॅन, शेजारी देवनागरीत मजकूर, खाली भाषांतर आणि माझी सही. त्या दिवशी त्यांनी काहीच नेलं नाही. यादी केली, फोटो घेतले, आमच्या सह्या घेतल्या.

सत्तावीस चिठ्ठ्या म्हणजे एका रविवारचं काम असं मला वाटलं होतं. दहा आठवडे लागले. पप्पांची भाषा रेवदंड्याची. ओढा, बांध, टेकाड, खाचर. वाळवंटातल्या ज्या कोरड्या पात्रात वर्षातून चार दिवस पाणी वाहतं त्याला ते ओढा म्हणत. अंतर ते फर्लांगात लिहीत. “बसच्या थांब्यापासून दोन फर्लांग उगवतीला” म्हणजे चारशे मीटर पूर्वेला. पण थांबा कुठला? १९७० सालच्या बसचा मार्ग आईंनी तोंडपाठ सांगितला. निरीक्षकांनी नंतर ते ठिकाण नकाशावर टिंब देऊन दाखवलं, तेव्हा आई म्हणाल्या, “तिथंच तर उतरायचे.”

आणि मग पणतीची चिठ्ठी.

ती पणती सगळ्यांत माझ्या जिवाची. तळहातावर मावेल एवढी, चाकावर घडवलेली बशी आणि ओली असताना एका बाजूला दोन बोटांनी चिमटा काढून केलेली चोच. वात ठेवायची जागा काळी पडलेली, तिथे काजळी अजून होती. तळ जाड, उंच, जड. निरीक्षकांनी तळ बघताच काळ सांगितला: यहूदा राज्य, इ.स.पू. आठवं ते सातवं शतक. पनवेलला दिवाळीत शेजाऱ्यांच्या दारात ज्या लागायच्या त्यांच्याशी तिचं इतकं साम्य होतं की पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी नकळत वात कुठे येईल तिथे अंगठा ठेवला. शिवाय आमचे पूर्वज शनिवार तेली, कोकणात घाणे चालवणारे. तेलाचा दिवा म्हटलं की पप्पांचा जीव अडकणारच.

चिठ्ठीत होतं: “पणती. अरादच्या रस्त्याला, ओढ्याच्या काठावर, दरड ढासळली तिथे. शु. १६-३-७” आणि शेवटचा आकडा टाचणीच्या गंजाने खाल्लेला. त्यातून वर एक वाटोळं डोकं दिसत होतं. एक असू शकत होता, नऊही असू शकत होता. १९७१ असेल तर पणती आमच्या घरात राहणार होती. १९७९ असेल तर जाणार होती.

खरं सांगते, त्या रात्री मी भिंग घेऊन बसले ते एक शोधायला. माझ्याशिवाय ते अक्षर कुणाला वाचता येणार नव्हतं. मी ७१ लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. दुसऱ्या रात्री माझी नजर ‘शु.’वर गेली. तोवर मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. शुक्रवार! गिरणी शुक्रवारी लवकर सुटायची, पप्पा तेव्हाच जायचे, आणि बऱ्याच चिठ्ठ्यांवर तारखेच्या आधी हे ‘शु.’ होतं. मोबाईलवर जुनं कॅलेंडर काढलं. १६ मार्च १९७१ ला मंगळवार होता. १६ मार्च १९७९ ला शुक्रवार.

मी नऊ लिहिलं आणि खाली दोन ओळींत कारणही लिहिलं. मग बराच वेळ पणती समोर ठेवून बसून राहिले.

अशा शंकेच्या जागा प्रत्येक घरातल्या कागदांत असतील. शंका असेल तर शंका म्हणून लिहा. वार, सण, पाऊस, नोकरीची पाळी, काहीही तारखेला आधार देऊ शकतं. कायद्यानंतरच्या तारखांच्या चिठ्ठ्या एकूण सात झाल्या, १९७९ ते १९८३. त्यांतली शेवटची सगळ्यांत अवघड.

ती रांजणाच्या कानाची होती. जाडजूड, बाहेरून तांबूस, तुटलेल्या जागी आत राखाडी. वरच्या बाजूला अंड्याएवढा शिक्का दाबलेला. तिरपा उजेड पडला की दोन पंखांचं सूर्यासारखं चिन्ह उठून दिसायचं आणि वर पुसट अक्षरं. निरीक्षकांनी ती वाचून दाखवली होती: लामेद, मेम, लामेद, काफ. ‘लमेलेख’, राजाचं. यहूदाचा राजा हिज्किया याच्या काळातले, इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरचे असे रांजण. शिक्क्यावर त्या चार अक्षरांखाली हेब्रोन, सोखो, झीफ किंवा मम्शत यांपैकी एक नाव असतं. आमच्या कानावरचं नाव झिजून गेलं होतं. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदातलं लाखीश शहर जाळलं, त्या राखेच्या थरात असे रांजण मिळाले आहेत. पुढे मातीची तपासणी झाली तेव्हा कळलं की हे रांजण शेफेलाच्या टेकड्यांमधल्या मातीचे.

चिठ्ठी अशी: “१८-४-८३. स्वातंत्र्यदिन. गिरणीची सहल. लाखीशच्या टेकडीखाली, द्राक्षमळ्याच्या बांधावर. कायदा झाला आहे हे माहीत होतं. तरी उचललं. चूक केली. परत नेऊन ठेवायचं.”

यानंतर पेटीत एकही चिठ्ठी नाही. त्यांनी उचलणंच बंद केलं असावं.

ताई म्हणाल्या, “वहिनी, ह्या तीन ओळी गाळा. तारीख द्या, जागा द्या. पप्पा गेलेत आता. सरकारी कागदावर त्यांना चोर कशाला ठरवायचं?” नवरा काहीच बोलला नाही. मी दोन दिवस भाषांतर बाजूला ठेवलं. शेवटी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “त्यांनी लिहिलंय ना? मग ते सांगायलाच लिहिलंय.” मी जसंच्या तसं भाषांतर केलं.

२१ जुलैला सगळी फाईल ईमेलने पाठवली, ६२ पानं. ऑगस्ट गेला. सप्टेंबरमध्ये विचारलं तर इथलं नेहमीचं उत्तर मिळालं: हागीमनंतर, म्हणजे सण झाल्यावर. रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोत, सगळं १७ ऑक्टोबरला संपलं. इस्रायलमध्ये कुठलंही सरकारी काम उन्हाळ्यात सुरू केलंत तर हे तीन आठवडे हिशोबात धरा. मधल्या काळात ठाण्याहून पप्पांच्या चुलतभावाचा फोन आला, एक खापर आठवण म्हणून पाठवशील का. नाही पाठवता आलं. पुरावस्तू देशाबाहेर न्यायला लेखी परवानगी लागते, बॅगेत एक तुकडा टाकून नेणंही बेकायदा. मी त्यांना पप्पांच्या पाच चिठ्ठ्यांचे मोठे फोटो पाठवले. त्यांनी ते फ्रेम करून घेतले.

२२ नोव्हेंबरला पत्र आलं. चिठ्ठीवर १९७८ पूर्वीची तारीख असलेली २० खापरं आणि पावतीवरच्या २ वस्तू नोंद करून आमच्याकडेच राहतील. त्या २ मूर्तींबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. चिठ्ठीनुसार कायद्यानंतरच्या ७ आणि कसलाच पुरावा नसलेल्या ३, अशा १० वस्तू सरकारजमा. दंड नाही, चौकशी नाही. घरी ठेवलेल्या वस्तूंसाठी सूचना होत्या: ऊन नको, स्वयंपाकघर नको, उंच कपाट नको, तेल-पाणी काही घालून बघू नका.

१४ डिसेंबर २०२२, बुधवार. हनुक्का, आमचा दिव्यांचा सण, चार दिवसांवर. निरीक्षक खोकी आणि पिशव्या घेऊन आले. ताई मुद्दाम अश्दोदहून आल्या होत्या. एकेक वस्तू पिशवीत, पिशवीवर क्रमांक, क्रमांक पावतीवर, खाली सही. शिक्क्याचा कान घेताना निरीक्षक थांबले आणि आईंकडे बघून म्हणाले की ती शेवटची चिठ्ठी त्यांनी कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवली. मग म्हणाले, “हे परत गेलं असं समजा.” आईंनी मान डोलावली. ताई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

सगळ्यांत शेवटी पणती. मी ती स्वतः कागदात गुंडाळली. मूळ चिठ्ठी वस्तूबरोबर जाणार होती, आमच्याकडे प्रत. त्यांनी लेबल लिहायला घेतलं: ठिकाण, तारीख, सापडवणाऱ्याचं नाव. मग पेन वर करून विचारलं, “त्यांनी स्वतः हिला काय म्हटलंय? पहिला शब्द कुठला?”

“पणती,” मी म्हटलं.

“पंती?”

“पणती.”

हिब्रूत ण नाही. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, आईंनी तिसऱ्यांदा म्हणून दाखवलं, आणि मग त्यांनी ठिकाणाच्या वरच्या ओळीत सावकाश अक्षरं काढली: पे, नून, तेत, यूद.